शेपटाकडून, सीरिएटिम

आमचे तात्या पानावरचं मीठ आधी खातात.

नुसतं मीठ. चिमूट उचलायची, तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, औषध घ्यावं तसं. मग लिंबाची फोड, तीही नुसती आणि तोंड वाकडं न करता. मग चटणी, मग कोशिंबीर. पानाची डावी बाजू साफ झाली की उजवी. भाजी संपवायची, मग आमटीची वाटी तोंडाला लावून रिकामी करायची. तोवर मधल्या भाताचा निवून गोळा झालेला असतो. तो गोळा कोरडाच. शेजारचा कुणी कळवळून म्हणाला, "अहो तात्या, आमटी भातावर तरी घ्या!" की तात्या बोट वर करतात आणि पंगतीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात,

"सीरिएटिम!"

ज्यांच्या कानावर हा शब्द अजून पडलेला नाही असे भाग्यवान वाचक असतील, त्यांच्यासाठी सांगतो. हे औषधाचं नाव नाही, साहेबाचंही नाही. हे इंग्रजीतलं एक क्रियाविशेषण आहे, मूळ लॅटिन, आणि ते आमच्या घरात जावयासारखं राहतं. काम काही करत नाही, पण त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही.

तात्या माझे सख्खे चुलते. पाटबंधारे खात्यात कालव्यावर कारकून होते, आता पेन्शनीत आहेत. काकू गेल्यापासून बारामतीत आमच्याकडेच असतात. मी इथल्या तरुण मंडळाचा कार्यकर्ता. माझं काम हस्तपत्रकं लिहिण्याचं. विलायती कापडावर माझं पत्रक आहे, ताडीच्या दुकानांवर आहे, बालविवाहावर तर दोन आहेत. मी सभेत उभा राहिलो की लोक बिड्या विझवतात, असं माझे मित्र म्हणतात. पण सभा संपली की मागून कुणीतरी विचारणारच, "का हो, ते शिरटीमवाले तात्या तुमचेच ना?" मग मी जमिनीकडे बघून "हो" म्हणतो. माझ्या लाजेचा उगम शोधायचा तर फार लांब जावं लागत नाही. ती आमच्याच ओसरीवर बसलेली असते, हातात पंचपात्री घेऊन.

शब्दाच्या उगमासाठी मात्र तात्या स्वतः लांब गेले होते.

तरुणपणची गोष्ट. इंदापूरच्या बाजूला कालवा जिथं संपत येतो, तिथल्या शेतकऱ्यांची ओरड होती की पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. वरचे बागाईतदार उसाला दोन-दोनदा पाजतात आणि शेपटाकडच्याच्या पाटात बेडूक वाळतात. ओरड ऐकून गोऱ्या इंजिनियरानं एक हुकूम काढला. पाणी कुणाची सत्ता न बघता शेपटाकडून सुरू करून 'सीरिएटिम' सोडावं. हुकूम कचेरीत आला आणि तिथंच अडला. हेडक्लार्कांच्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. ते म्हणाले, अर्थ ठाऊक नसलेल्या शब्दाची अंमलबजावणी करू नये, आणि फाइल खाली ठेवली. तात्यांना झोप येईना. रजा काढून ते पुण्याला गेले, कॅम्पातल्या एका चर्चमध्ये म्हातारा पाद्री होता, त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नमस्कार करून विचारलं," तात्या सांगतात, "की महाराज, हा शब्द कोणाचा कोण?"

पाद्री मराठी बरं बोलत असावा. त्यानं सांगितलं की लॅटिनमध्ये 'सेरेरे' म्हणून एक क्रियापद आहे. अर्थ, ओवणं. फुलं ओवतात तसं. त्यावरून 'सेरिएस', म्हणजे माळ, ओळ, एकामागून एक. त्याला 'आटिम' हे शेपूट लावलं की झालं क्रियाविशेषण, 'एकेक करून, क्रमवार'. पायरीपायरीनं याला जसं 'ग्राडाटिम' म्हणतात, तसंच हे. पण पाद्री प्रामाणिक होता. तो म्हणाला, रोमच्या जुन्या लोकांनी हा शब्द कधी वापरलेला दिसत नाही. बादशहांच्या तोंडी नाही, सेनापतींच्या तोंडी नाही. राज्य बुडाल्यावर कितीतरी काळानं, मठांत आणि कोर्टकचेऱ्यांत लिहीत बसणाऱ्या लोकांनी जुन्या शब्दाला शेपूट जोडून तो बनवला. तिथून तो विलायतेच्या कोर्टात गेला आणि इंग्रजीत ठाण मांडून बसला.

दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. सोन्याचं म्हणून घेतलेलं पितळ निघालं म्हणाला असता. तात्या कॅम्पातून परत निघाले ते जवळजवळ नाचत.

"लढाया करणाऱ्यांना या शब्दाची गरज पडली नाही!" हे वाक्य ते अजूनही मांडीवर थाप मारून म्हणतात. "गरज कुणाला पडली? कारकुनांना! अरे, आमच्या जातीनं केलेला शब्द आहे हा!"

जात म्हणजे कारकुनाची, हे त्यांच्या लक्षात येऊन ते लगेच पुढं जोडतात, "कारकुनांच्या."

परत येताच त्यांनी खाली ठेवलेली फाइल वर काढायला लावली, पाणी शेपटाकडून सुटलं, आणि तेव्हापासून हा शब्द सुटला तो सुटलाच. कालव्याच्या कडेनं बारामतीपासून इंदापूरपर्यंत शेतकरी त्याला शिरटीम म्हणू लागले. "औंदा आमची शिरटीम कवा लागायची?" असं बायका पाटावर कपडे धुताना विचारायच्या. आणि पेन्शनीत आल्यावर, हाताखाली कालवा राहिला नाही तेव्हा, तात्यांनी तो शब्द आम्हां घरच्या माणसांवर सोडला. न्हाव्याकडे ते कुणाला पुढं घुसू देत नाहीत, स्वतःलाही नाही. एखाद्याच्या घरी दुखवट्याला गेले तर बायकांना सांगतात, "एकदम नको, सीरिएटिम रडा, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल कोण कोण आलंय." माझ्या बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा त्यांनी पाहुण्यांची वयं विचारली आणि थोरल्यापासून एकेकाची प्रकृती चौकशीला घेतली. नवऱ्या मुलाचा नंबर यायच्या आत पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाली. तरी लग्न जमलं. त्यांना वाटलं, घराणं शिस्तीचं आहे.

विलायती कपड्यांच्या होळीच्या दिवशी मात्र मला भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं. चौकात माणूस मावत नव्हता. मी नुकताच "परक्याचं जे जे, ते ते जळो!" असं गर्जलो होतो. एवढ्यात तात्या गर्दीतून पुढं आले, छत्री आडवी धरली आणि ओरडले, "असं ढिगानं काय टाकताय! टोप्या आधी, मग कोट, मग धोतरं! सीरिएटिम!" लोक हसायला लागले. मागून कुणीतरी पोरगेला आवाज काढून म्हणालं, "तात्या, तो विलायती शब्द पण टाका की होळीत!"

"टाकतो ना," तात्या म्हणाले. "पण त्याचा नंबर शेवटचा. तो आधी जळाला तर तुम्हांला ओळीत कोण उभं करील?"

चौक हसला. तात्याही हसले. मी एकटाच हसलो नाही.

घरी येऊन मी भांडलो. "तात्या, मराठीत शब्द मेले आहेत का? 'ओळीनं' म्हणा. 'क्रमानं' म्हणा. 'पाळीपाळीनं' म्हणा. परक्यांचं उष्टं कशाला चघळता?"

तात्या पंचपात्रीतलं पाणी प्यायले, सावकाश. मग म्हणाले, "म्हणून बघितलंय. 'ओळीनं' म्हटलं की पाटील म्हणतो, बरोबर आहे, ओळ माझ्यापासून सुरू. 'पाळीनं' म्हटलं की इनामदार म्हणतो, पाळी माझी. त्यांना तो शब्द कळतो ना, म्हणून त्यांना तो वाकवता येतो. सीरिएटिम म्हटलं की त्यांना काही कळत नाही. न कळलेल्या शब्दाला कसं वाकवणार? गप्प बसतात आणि पाणी शेपटाकडं जातं."

"म्हणजे अज्ञानाचा फायदा घ्यायचा!"

"तू पत्रकात 'साम्राज्यशाही' लिहितोस, ते कोणाला कळतं रे?"

मी आत निघून गेलो.

आता तात्यांच्या आणखी एका खोडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. लग्न असो, मुंज असो, तात्या जेवणाला सगळ्यांच्या आधी पोचतात आणि पहिल्या पानावर बसतात. आचारी चूल पेटवत असतो तेव्हा हे बसलेले असतात. बसले की खांद्यावरचं उपरणं काढायचं, नीट घडी करायची आणि शेजारच्या पानाच्या जागी ठेवायचं. कुणी तिथं बसायला आलं की म्हणायचं, "यायचा आहे एक जण." कोण, ते सांगायचं नाही. पंगत भरत जाते. वाढप सुरू होतं. मग तात्या उपरणं उचलतात आणि उभा असेल त्याला म्हणतात, "बसा. नाही आला." दर पंगतीत हेच. यायचा तो कधी येत नाही. आम्ही पोरं लहानपणी पैज लावायचो. पुढं मोठे झालो आणि लाजायला लागलो. माझ्या आईनं तर एकदा सरळ विचारलं, "भावजी, कोणाची वाट बघता?" तात्या मीठ खाण्यात गुंतले होते.

मी लहान असताना, सुट्टीत तात्या मला कालव्यावर घेऊन जायचे. कालव्याच्या काठानं ते छत्री घेऊन चालायचे आणि पलीकडच्या काठानं केरबा चालायचा. केरबा पाटकरी होता. दारं उघडणं, मिटणं, पाणी कुणाच्या शेतात किती गेलं ते बघणं, हे त्याचं काम. जात महार. केरबानं दार वर केलं की पाटलाचा ऊस ते पाणी घटाघटा प्यायचा, त्या उसाचा गूळ देवाला चालायचा, आणि केरबा पाटलाच्या वाड्यावरून जाताना मात्र रस्त्याच्या कडेनं जायचा. हे मी पत्रकात अनेकदा लिहिलं आहे, इथं पुन्हा लिहितो, कारण लिहूनही काही झालेलं नाही.

दुपारी बाभळीची सावली बघून तात्या अलीकडच्या काठावर डबा उघडायचे आणि केरबा पलीकडच्या काठावर फडकं सोडायचा. मधे कालवा. तो भरून वाहत असला की त्याचा आवाज असतो, त्यामुळं ओरडून बोलावं लागायचं.

"केरबा, आज काय रं?"

"भाकर आन् ठेचा! तुमचं?"

"पिठलं!"

"मंग चांगलं हाय की!"

पिठलं असायचं तेव्हा ठीक. पण एकदा काकूंनी पुरणपोळ्या दिल्या होत्या. तात्या पोळी हातात धरून ओरडले, "पिठलं!" मी चकित होऊन म्हणालो, "तात्या, खोटं का बोललात?"

"गप्प बस. वारा उलटा होता. पुरणपोळी एवढा मोठा शब्द पलीकडं पोचला नसता."

मला ते पटलं. एक माणूस एका काठावर आणि दुसरा दुसऱ्या काठावर, हा पाटबंधारे खात्याचा नियम असणार, असंही मला पटलं होतं. दोन्ही काठांवर लक्ष राहावं म्हणून.

तर या वर्षी आमच्या मंडळानं सहभोजन ठरवलं. सर्व जातींचं, एकत्र, उघड्यावर, गावाच्या डोळ्यांसमोर. पत्रक अर्थातच माझं. मथळा मी मोठ्या खिळ्यांत छापून घेतला: 'एक गाव, एक पंगत!' खाली लिहिलं, 'या, आणि ज्याच्या शेजारी आजवर बसला नाहीत त्याच्या शेजारी बसा!' छापखान्यातून आलेला ओला कागद मी घरी आणला, तो तात्यांनी चष्मा लावून वाचला. एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"हे खरं आहे का रे?"

"म्हणजे काय! शब्दन् शब्द."

"शेजारी म्हणजे मांडीला मांडी लावून?"

"मांडीला मांडी."

"कोणीही?"

"कोणीही, तात्या! त्याचसाठी तर हा सगळा लढा."

"मी काही सुधारक-बिधारक नाही हं," तात्या म्हणाले. "पण तू छापलंयस, म्हणून मी केरबाला बोलावतो."

दुसऱ्या दिवशी हा माणूस, जो संडासाला जायला छत्री शोधतो आणि वेशीबाहेर जायचं म्हटलं की पंचांग काढतो, इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसून केरबाच्या गावी गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा धुळीनं पांढरा झाला होता. मी विचारलं, "येतो म्हणाला?"

"आधी नाही म्हणाला. मग पत्रक वाचून दाखवलं. मग म्हणाला, छापलंया तर येतो."

त्या रात्री तात्यांनी कोटाची तुटलेली गुंडी आईकडून लावून घेतली.

आणि इकडं मंडळात काय झालं ते ऐका. सहभोजनाच्या आदल्या दिवशी आमचे अध्यक्ष वकीलसाहेब मांडवात आले. गहू आणि गूळ ज्या व्यापाऱ्यानं दिला होता, त्याचा निरोप आला होता, त्याच्या घरचीही चार माणसं जेवायला येणार, पण जरा बघा. वकीलसाहेबांनी जरा बघितलं. मांडवाच्या मधोमध कडुनिंब होता. ते म्हणाले, "पंगत निंबाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक घेऊ. इकडची मंडळी इकडे, तिकडची तिकडे. मांडव एकच आहे, अन्न एकच आहे, वेळ एकच आहे. म्हणजे पंगत एकच झाली. कायद्यानं कोणी दोन म्हणू शकणार नाही."

मी हरकत घेतली. जोरात घेतली. "हा विश्वासघात आहे," म्हणालो. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही गहू आणा." मला गहू कुठून आणायचे सुचेना. थोड्या वेळानं मीच चुन्याची फक्की हातात घेतली आणि निंबाच्या दोन्ही बाजूंना पंगतीच्या रेघा मारल्या. रेघ सरळ यावी म्हणून दोरी लावली होती. सरळ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवात गेलो तर पहिल्या पानावर तात्या बसलेले. शेजारी उपरणं. आचारी अजून लाकडं फोडत होता.

पाहुणे यायला लागले. व्यापाऱ्याच्या घरचे आले, मास्तर आले, कोष्टी आळीतले आले, चांभार आळीतले आले, महारवाड्यातून आले. स्वयंसेवक त्यांना हात धरून इकडं-तिकडं बसवत होते. मी दारात. केरबा आला. मी त्याला कितीतरी वर्षांनी बघत होतो. पटका स्वच्छ धुतलेला, मिशा पांढऱ्या झालेल्या, आणि काखेत एक गाठोडं.

"हे काय आणलंस केरबा?"

"ताट-लोटा हाय माजा," तो म्हणाला. "म्हटलं, तुमाला भांड्याची अडचन नको."

मी म्हणालो, "इथं पत्रावळी आहेत रे." तेवढ्यात एका स्वयंसेवकानं त्याला धरून निंबाच्या पलीकडं नेलंसुद्धा. तिथं शेवटी जागा होती, तिथं तो बसला.

"केरबा! हितं!" तात्यांची हाक आली. कालव्यापलीकडं जावी अशी. सगळा मांडव वळला.

वकीलसाहेब लगबगीनं आले. "तात्या, सोयीच्या दृष्टीनं व्यवस्था केली आहे."

तात्यांनी वकिलांकडं बघितलंच नाही. खिशातून पत्रक काढलं, घडी उलगडली आणि मला जवळ बोलावलं. "एक पंगत, असं तूच छापलंस ना? ही किती आहे, मोज."

मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला वकीलसाहेबांसारखा ऐकू आला, "तात्या, मांडव एकच आहे."

"कालवाही एकच असतो रे," तात्या म्हणाले.

निंबाच्या पलीकडून केरबा अर्धवट उठला. "तात्या, ऱ्हाऊ द्या! मी हितं बरा हाय! तुमी जेवा!"

"मी जेवतो की नाही ते मी बघीन! तू बस!"

तो बसला. श्लोक झाला. आता आमच्याकडची रीत अशी की श्लोक संपला की पहिल्या पानावरच्या वडील माणसानं घास उचलायचा, मग बाकीच्यांनी. आणि पहिल्या पानावर कोण? पहाटेपासून जागा धरून बसलेले तात्या. त्यांचा हात मांडीवर. समोर मीठ. मिठाला त्यांनी बोट लावलं नाही. शेजारी उपरणं.

पंगत थांबली. पातेल्यातली गव्हाची खीर निवायला लागली. वकीलसाहेबांनी तेवढ्यात ऐक्यावर चार शब्द बोलून घेतले, ते संपले, तरी तात्यांचा हात मांडीवरच. व्यापाऱ्याच्या घरातला एक जण पुटपुटला, "म्हातारा वेडा आहे का?" मास्तर म्हणाले, "तात्या, घास घ्या हो, मुलं खोळंबली आहेत." मागून कुणीतरी, "शिरटीम चुकली वाटतं तात्यांची!" म्हणालं आणि हशा झाला. मी तिथंच उभा होतो, खिरीचं पातेलं हातात घेऊन. मला तात्यांची लाज वाटत होती. खरं सांगतो, तेव्हासुद्धा मला त्यांचीच लाज वाटत होती. मनात म्हणत होतो, एवढ्या माणसांत, आज तरी, हा एक दिवस तरी!

"नंबर चुकलाय," तात्या म्हणाले. हळू. मला वाटतं, फक्त मलाच ऐकू आलं. "पहिल्यापासून चुकलाय. मी डोक्याकडून धरून बसलो. पाणी शेपटाकडून धरायचं असतं, आणि मीच..."

वाक्य पुरं न करता ते उठले. जेवायला बसलेला माणूस असा उठत नाही, अपशकून समजतात. त्यांनी उपरणं उचलून खांद्यावर टाकलं, आपली पत्रावळ दोन्ही हातांनी सांभाळून धरली, मीठ सांडू न देता, आणि सावकाश, सगळ्या पानांसमोरून, निंबाला वळसा घालून पलीकडं गेले. माझी फक्कीची रेघ त्यांच्या पायाखाली पुसली गेली. पलीकडच्या पंगतीच्या अगदी शेवटी, केरबाच्याही पुढं, मोकळ्या जमिनीवर त्यांनी पत्रावळ ठेवली आणि बसले. मांडीला मांडी लागली तसा केरबा चटकन बाजूला सरकला. तात्याही तेवढेच सरकले.

मग त्यांनी मान वर केली आणि मला हुकूम सोडला. "वाढप शेपटाकडून! सीरिएटिम!"

त्यांच्या मागं कोणी गेलं का, असं वाचक विचारतील. माझ्या पत्रकात असतं तर सगळा मांडव उठला असता. प्रत्यक्षात एक जण उठला. अलीकडच्या पंगतीत इंदापूरकडचा एक माळी बसला होता, पेरूच्या बागेवाला, त्यानं आपली पत्रावळ उचलली. शेजाऱ्यानं त्याचं धोतर ओढलं, तर तो म्हणाला, "सोड की. आमी बी शेपटाकडचंच हाय. ह्या तात्यानं पाणी दिलं न्हाय तर पेरू खातो व्हय तू?" आणि तो जाऊन तात्यांच्या पुढं बसला, त्यामुळं शेपूट आणखी लांब झालं. बाकीचे जिथं होते तिथंच राहिले. वकीलसाहेब निंबाकडं बघत होते.

मी पातेलं घेऊन निघालो. सगळी पंगत ओलांडून शेवटापर्यंत गेलो. माळ्याला वाढलं, मग तात्यांना, मग केरबाला. केरबानं आपलं गाठोडं पाठीमागं लपवून ठेवलं होतं. वाढताना खीर पत्रावळीबाहेर गेली.

दोघं समोर बघत बसले होते. इतकी वर्षं काठाकाठानं चाललेली माणसं, शेजारी बसल्यावर काय बोलायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नसावं. तात्यांनी मिठाची चिमूट उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. घसा खाकरला. आणि मग, केरबा वीतभर अंतरावर असताना, दोघांच्या पानांत एकच गव्हाची खीर असताना, मधे कुठलंही पाणी वाहत नसताना, समोर बघत, पूर्ण आवाज लावून ओरडले,

"केरबा, आज काय रं?"

मांडवातली माणसं पुन्हा हसली. केरबा हसला नाही. त्यानं आपल्या पानाकडं बघितलं, मग तात्यांच्या पानाकडं, नीट, काही वेगळं तर नाही ना अशा नजरेनं.

"तुमचंच हाय की, तात्या," तो म्हणाला. हळू म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती.

तात्यांनी मान हलवली आणि मीठ तसंच ठेवून पहिला घास खिरीचा घेतला.

मी पातेलं घेऊन पुढच्या पानाकडं वळलो. मान वर करून कुणाकडं बघणं त्या दिवशी मला जमलं नाही.